मलिक अंबर आणि त्याची व्यक्तिचित्रे

मलिक अंबर (सुमारे इ.स. १५४८ – मे १६२६) हा अहमदनगरच्या निजामशाहीचा हबशी वजीर, सेनापती आणि खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) या शहराचा संस्थापक होता.

जीवन

अंबरचा जन्म आफ्रिकेतील इथिओपियात झाला. बालपणीच गुलाम म्हणून विकला गेल्यावर तो बगदादला पोहोचला. तेथील मालकाने त्याला शिक्षण व 'अंबर' हे नाव दिले. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतःही हबशीच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर गुलामगिरीतून मुक्त झाला. इ.स. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर त्याने दुसऱ्या मुर्तझा निजामशाहाला गादीवर बसवले आणि आपली कन्या त्यास देऊन राजघराण्याशी सोयरीक जोडली.

कार्य

मराठा सरदारांच्या साहाय्याने गनिमी काव्याने लढून त्याने मोगलांना अनेक वर्षे थोपवून धरले. इ.स. १६१० मध्ये त्याने खडकीस राजधानी वसवली. शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेली 'नहर-ए-अंबरी' व जमीन महसुलाची घडी यांसाठीही तो ओळखला जातो.

व्यक्तिचित्रे

जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात अंबरचा उल्लेख वर्णावरून हिणवणाऱ्या विशेषणांनी केला आहे. तोच द्वेष चित्रकार अबुल हसन याच्या चित्रात दिसतो. त्यात पृथ्वीगोलावर उभा असलेला जहांगीर, भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडताना दाखविला आहे. प्रत्यक्षात अंबर मोगलांच्या हाती कधीच लागला नाही. रणांगणात न मिळालेला विजय तेथे कागदावर मिळवला गेला. हे चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे.

याउलट, मोगल दरबारातीलच चित्रकार हाशिम याने काढलेल्या चित्रात शुभ्र पोशाखातील वृद्ध अंबर ताठ उभा आहे. त्याचा सावळा वर्ण व आफ्रिकी चेहरेपट्टी चित्रकाराने लपवलेली नाही आणि विद्रूपही केलेली नाही. दख्खनी उमरावाचा पेहराव आणि हबशी चेहरा येथे एकाच व्यक्तीत सहज नांदतात. हे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

मृत्यू

अंबरची कबर खुलताबाद येथे आहे. जन्मभूमीपासून तोडला गेलेला हा पुरुष स्वतः वसवलेल्या शहराजवळच दख्खनच्या मातीत विसावला. त्याच्यानंतर पुत्र फतेहखान याच्याकडे निजामशाहीचा कारभार आला.