सात बोटांचा लॅरी : परक्या देशात मजुरी करणाऱ्या माणसाच्या एका संपातून अमेरिकेत द्राक्षांवर बहिष्कार पडला होता

१९६० च्या दशकाचा शेवट. अमेरिकेतल्या मोठमोठ्या शहरांत दुकानांबाहेर माणसं उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विनवायची, द्राक्षं घेऊ नका. लाखो गिऱ्हाइकांनी ते ऐकलंसुद्धा.

या सगळ्याचं श्रेय सहसा सीझर चावेझ यांना दिलं जातं. पण संपाची पहिली ठिणगी टाकली होती फिलिपिन्सहून आलेल्या एका मजुरानं. त्याचं नाव लॅरी इटलिओंग.

मोडेस्टो डुलाय इटलिओंग हे त्याचं मूळ नाव. जन्म २५ ऑक्टोबर १९१३, फिलिपिन्सच्या पांगासिनान प्रांतात. पोराला वकील व्हायचं होतं. त्यासाठी १९२९ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी तो अमेरिकेत आला. पण पुढं महामंदी आली, शिक्षण राहिलं बाजूला आणि वाट्याला आली रोजंदारी. कधी शेतात भाजी काढायची, कधी अलास्कात मासे डबाबंद करायच्या कारखान्यात राबायचं. तिथंच एका अपघातात त्याच्या हाताची तीन बोटं गेली. तेव्हापासून लोक त्याला ‘सात बोटांचा लॅरी’ म्हणू लागले.

आता त्या काळात या मजुरांकडं कसं बघितलं जायचं ते समजून घेऊ.

फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं. त्यामुळं तिथल्या माणसांना अमेरिकेत यायला आडकाठी नव्हती, पण नागरिकत्वही मिळत नव्हतं. पीक काढणीला आलं की हेच मजूर हवेहवेसे वाटायचे आणि हंगाम संपला की डोळ्यांत खुपायचे. आमच्या नोकऱ्या पळवतात, आमच्या मुलींसोबत नाचतात, अशी ओरड व्हायची. जानेवारी १९३० मध्ये कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल इथं गोऱ्या जमावानं फिलिपिनो मजुरांवर कित्येक दिवस हल्ले केले. त्यात फर्मिन टोबेरा नावाचा एक तरुण मजूर गोळी लागून मेला.

पाठोपाठ कायदेही आले. १९३४ च्या कायद्यानं फिलिपिनो लोक ‘परके’ ठरले आणि वर्षाला फक्त ५० जणांना येण्याची मुभा राहिली. कॅलिफोर्नियात त्यांना गोऱ्या बाईशी लग्न करता येत नव्हतं. ही बंदी १९४८ मध्ये उठली, तोवर अनेकांचं तारुण्य सरून गेलं होतं. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या कामगारांना संघटना करण्याचं कायदेशीर संरक्षण मिळालं, पण शेतमजुरांना त्यातून वगळण्यात आलं.

नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाला तो १९४६ मध्ये. विशेष म्हणजे ज्या कायद्यानं फिलिपिनो लोकांना हा हक्क दिला, त्याच कायद्यानं अमेरिकेतल्या भारतीयांनाही तो मिळाला.

दरम्यान लॅरीनं वकिलीचा नाद सोडला होता, पण हक्कांचा नाही. औपचारिक शिक्षण थोडंच, पण मजुरांच्या अनेक बोली त्याला येत होत्या. १९५६ मध्ये त्यानं स्टॉकटन इथं फिलिपिनो शेतमजुरांची संघटना उभी केली.

मग उजाडलं १९६५. कोचेला खोऱ्यात द्राक्षांची तोडणी सुरू होती. करारावर आणलेल्या मेक्सिकन मजुरांना तासाला १ डॉलर ४० सेंट मिळणार होते आणि फिलिपिनो मजुरांना १ डॉलर २५ सेंट. लॅरीच्या माणसांनी काम थांबवलं आणि काही दिवसांतच १.४० चा दर पदरात पाडून घेतला.

हंगाम उत्तरेला सरकला, मजूर डिलॅनोला पोचले. तिथले बागायतदार मात्र तेवढा दर द्यायला तयार नव्हते. ७ सप्टेंबरच्या रात्री फिलिपिनो सभागृहात मतदान झालं आणि ८ सप्टेंबरपासून हजारावर मजूर संपावर गेले. त्यात बरेचजण पन्नाशी-साठीचे, घरदार नसलेले. तरुण पोरं त्यांना आदरानं ‘मानोंग’ म्हणायची, म्हणजे आपल्याकडं दादा म्हणतात तसं. मालकांनी छावण्यांचं वीज-पाणी तोडलं, काहींना बाहेर काढलं.

खरी अडचण वेगळीच होती. फिलिपिनो संपावर गेले की मालक मेक्सिकन मजूर आणायचे आणि मेक्सिकन गेले की फिलिपिनो. दोघांच्या भांडणात मजुरी कायम तळाला राहायची. लॅरीनं ही मेख ओळखली आणि थेट चावेझ यांना गाठलं. चावेझ यांना आपली संघटना इतक्या लवकर संपाला तयार वाटत नव्हती. तरीही १६ सप्टेंबरला, मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनी, त्यांच्या लोकांनी संपात उतरायचं ठरवलं. पुढच्या वर्षी दोन्ही संघटना एक झाल्या.

संप पाच वर्षं चालला. बहिष्कारामुळं शेतमजुरांचा प्रश्न शहरातल्या गिऱ्हाइकाच्या ताटापर्यंत पोचला. शेवटी जुलै १९७० मध्ये डिलॅनोच्या बागायतदारांनी करारावर सह्या केल्या. मजुरी वाढली, आरोग्य निधी आला, विषारी फवारणीपासून संरक्षण मिळालं.

पण विजयानंतर लॅरी एकटा पडला. नव्या संघटनेत फिलिपिनो मूठभर होते. काम वाटपाच्या नव्या पद्धतीत म्हातारे मानोंग मागं पडतायत, त्यांचं कुणी ऐकत नाही, ही त्याची तक्रार होती. १९७१ मध्ये त्यानं पद सोडलं. तरी निवृत्त मजुरांना हक्काचं छप्पर मिळावं, हा त्याचा आग्रह होता. १९७४ मध्ये डिलॅनोत त्यांच्यासाठी आगबायानी व्हिलेज उभं राहिलं.

८ फेब्रुवारी १९७७ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, मज्जासंस्थेच्या दुर्धर आजारानं लॅरी गेला. पुढं कित्येक वर्षं शाळेच्या पुस्तकांत त्याला फारशी जागा मिळाली नाही. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियानं २५ ऑक्टोबर हा ‘लॅरी इटलिओंग दिन’ म्हणून पाळायचा कायदा केला.

एकेकाळी ज्या राज्यात त्याच्या माणसांना मारून हाकलायला जमाव निघाला होता, त्याच राज्यात आज त्याच्या नावाचा दिवस पाळला जातो.