मशीन हँग झालंय की काम करतंय? – ॲलन ट्युरिंगची गोष्ट

प्रॅक्टिकल एक्झामच्या आदल्या दिवशीची लॅब डोळ्यांसमोर आणा. एका सर्व्हरवर सात-आठ व्हर्च्युअल मशीन्स, प्रत्येक ग्रुपला एक. त्यातलं एक अचानक थंड पडतं. कन्सोलवर कर्सरही हलत नाही, पण होस्टवरून बघावं तर त्याचा सीपीयू १०० टक्के! मागे उभे असलेले चार जण चार सल्ले देतात. एक म्हणतो रिस्टार्ट मार. दुसरा म्हणतो थांब, आत डेटाबेस रिकव्हर होत असेल, आत्ता बंद केलंस तर सगळ्यांची सबमिशन्स गेली. आणि ॲडमिनचा पासवर्ड ज्याच्याकडे असतो (गेल्या वर्षी तो दुर्दैवाने प्रस्तुत लेखकाकडे होता) त्याला घाम फुटतो. मी २० मिनिटं थांबलो, मग धीर सुटला आणि पॉवर ऑफ केलं. फाइल सिस्टीम गेली, आणि शेवटचा स्नॅपशॉट होता दोन आठवड्यांपूर्वीचा! नंतर लॉग वाचल्यावर कळलं की मशीन हँग नव्हतंच. ते बिचारं काम करत होतं. त्या रात्री मेसमध्ये माझ्याशी कोणी बोललं नाही, ते असो.

पण बाहेर उभं राहून एखादं मशीन कधी थांबेल की नाही हे सांगता येईल का, हा प्रश्न जगात एकही कॉम्प्युटर नसताना एका २३-२४ वर्षांच्या मुलाने विचारला होता. त्याचं उत्तरही त्याने दिलं, आणि मग उरलेलं आयुष्य मशीन्स बांधण्यात, चालवण्यात आणि त्यांच्या चुका शोधण्यात घालवलं. टीओसीच्या पुस्तकामुळे ॲलन ट्युरिंग आपल्याला एका धड्याचं नाव वाटतो. त्याच्यातला मेंटेनन्सवाला माणूस मात्र पुस्तकात सापडत नाही.

ट्युरिंगचा जन्म लंडनचा, २३ जून १९१२. पण घर खरं तर निम्मं भारतातलं. वडील ज्युलियस मद्रास प्रांतात आयसीएस अधिकारी, आईचे वडील मद्रास रेल्वेत मोठे इंजिनिअर. आईवडील इकडे आणि ॲलन व त्याचा थोरला भाऊ जॉन तिकडे इंग्लंडमध्ये एका निवृत्त कर्नलच्या घरी, असं बालपण गेलं. १९२६ साली शेरबोर्नच्या शाळेत पहिल्यांदा जायचं, तर नेमका देशभर संप! गाड्या बंद. १३ वर्षांचा हा पोरगा साउथॅम्प्टनहून सायकलवर निघाला आणि वाटेत एक रात्र मुक्काम करून सुमारे १०० किलोमीटर अंतर तोडून शाळेत हजर झाला. शाळेत ख्रिस्तोफर मॉर्कम नावाचा जिवाभावाचा मित्र मिळाला. दोघे गणित आणि खगोलशास्त्राच्या गप्पा मारत. १९३० मध्ये क्षयाने मॉर्कम गेला. तो घाव ट्युरिंगने आयुष्यभर जपला.

१९३१ मध्ये तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये आला, १९३५ मध्ये तिथलाच फेलो झाला. त्याच वर्षी मॅक्स न्यूमनच्या लेक्चर्समध्ये त्याने हिल्बर्टचा एक प्रश्न ऐकला : गणितातलं कुठलंही विधान सिद्ध होऊ शकतं की नाही, हे ठरवणारी एखादी यांत्रिक पद्धत आहे का? आपल्यासारख्याने वहीत उतरवून सोडून दिला असता. ट्युरिंगने मात्र यांत्रिक हा शब्द शब्दशः घेतला. कागदाची एक लांब पट्टी, तिच्यावर चौकोन, एक डोकं जे एका वेळी एकच चौकोन वाचतं, लिहितं आणि सरकतं. बस्स. १९३६ च्या त्याच्या पेपरात एवढंच मशीन आहे.

त्यातून दोन गोष्टी निघाल्या आणि आपल्या सर्व्हर रूममध्ये दोन्ही रोज भेटतात. पहिली म्हणजे युनिव्हर्सल मशीन. कुठल्याही मशीनचं वर्णन पट्टीवर लिहून दिलं की त्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारं एकच मशीन. म्हणजे मशीनच्या आत मशीन! आपण होस्टवर गेस्ट चढवतो तेव्हा मुळाशी हीच कल्पना असते. अर्थात आजचा हायपरव्हायझर बहुतेक सूचना थेट प्रोसेसरवर चालू देतो आणि फक्त होस्टला बाधतील अशाच मधे अडवतो, त्यामुळे तो ट्युरिंगच्या मशीनपेक्षा खूप वेगवान. प्रत्यक्षात असं एका मशीनवर अनेक मशीन्स चालवणं आयबीएमने १९६७ च्या सुमारास सीपी-४० या सिस्टीमवर जमवलं, तेही अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये.

दुसरी गोष्ट म्हणजे आज आपण जिला हॉल्टिंग प्रॉब्लेम म्हणतो ती (हे नाव नंतरचं). समजा कोणी असा मॉनिटर प्रोग्रॅम लिहिला, जो कुठल्याही प्रोग्रॅमकडे बघून तो थांबणार की अनंतकाळ फिरत राहणार हे अचूक सांगतो. मग मी एक आगाऊ प्रोग्रॅम लिहितो. तो या मॉनिटरला स्वतःबद्दलच विचारतो. मॉनिटर म्हणाला थांबशील, तर हा फिरत राहतो. म्हणाला फिरशील, तर लगेच थांबतो. मॉनिटर खोटा ठरला! म्हणजे असा मॉनिटर असूच शकत नाही. कोणी चाणाक्ष म्हणेल, खऱ्या मशीनची मेमरी मर्यादित असते, मग सगळ्या अवस्था मोजता येतील की. येतील, पण ८ जीबीच्या एका मशीनच्या अवस्था मोजायला विश्वाचं वयही पुरणार नाही. तेव्हा त्या संध्याकाळी मला कळलं नाही, यात माझा सगळाच दोष नव्हता असं मी एचओडींना सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

अमेरिकेत अलोन्झो चर्चने हाच निष्कर्ष वेगळ्या वाटेने काढला होता. ट्युरिंग त्याच्याकडे प्रिन्स्टनला गेला, १९३८ मध्ये पीएच.डी. घेऊन परतला. तिथे असताना गणिताच्या या पंडिताने वर्कशॉपमध्ये जाऊन रिले जोडून गुणाकाराचं एक यंत्र बनवायला घेतलं होतं. सोल्डरिंगचा नाद तेव्हापासूनचा!

युद्ध जाहीर झालं ३ सप्टेंबर १९३९ ला, आणि दुसऱ्या दिवशी ट्युरिंग ब्लेचली पार्कला रुजू झाला. जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे संदेश फोडायचे होते. पोलंडच्या गणितज्ञांनी आधीच मोठी मजल मारली होती. त्यांच्या कामावरून पुढे जात ट्युरिंगने बॉम्ब नावाचं नवं यंत्र आखलं, गॉर्डन वेल्चमनने त्यात महत्त्वाची सुधारणा केली, आणि १९४० च्या मार्चमध्ये पहिलं यंत्र उभं राहिलं. यंत्र म्हणजे दोन मीटरहून रुंद, टनभर वजनाचं कपाट, पुढे फिरणारे डझनावारी ड्रम. ती चालवायच्या नौदलाच्या महिला दलातल्या मुली. प्रत्येक ड्रमच्या मागे बारीक तारांचे ब्रश असत, आणि दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर शॉर्ट होऊन निकाल चुकायचा. म्हणून या मुली हातात चिमटा घेऊन एकेक तार सरळ करत बसत. युद्ध जिंकण्याच्या गोष्टीत हे चिमटे कोणी सांगत नाही. मला तर ट्युरिंगइतकंच त्यांचंही कौतुक वाटतं.

माणसं कमी पडायला लागली, वरचे अधिकारी ऐकेनात, तेव्हा ऑक्टोबर १९४१ मध्ये ट्युरिंग, वेल्चमन आणि आणखी दोघांनी सगळी पायरी ओलांडून थेट पंतप्रधान चर्चिलला पत्र लिहिलं. मागणी काय, तर क्लार्क आणि ऑपरेटर द्या! चर्चिलने तातडीने हुकूम सोडले.

याच काळातला त्याच्या सायकलचा किस्सा सांगितला जातो. तिची चेन अधूनमधून पडायची. आपण लाथ मारली असती. हा पेडलच्या फेऱ्या मोजत बसला. ठरावीक फेऱ्यांनंतरच चेन पडते हे लक्षात आल्यावर तो मनात मोजायचा आणि वेळ आली की उतरून चेन सावरायचा. पुढे नीट तपासलं तेव्हा कळलं, वाकलेली एक तार आणि चेनची एक खराब कडी विशिष्ट स्थितीत समोरासमोर आल्या की चेन निसटते. आमच्याकडे एक गेस्ट दर रविवारी पहाटे रीबूट होतं, आणि आम्ही सहा महिने दर रविवारी सकाळी येऊन सर्व्हिसेस चालू करत होतो. म्हणजे आम्ही फेऱ्या मोजण्यापर्यंत पोचलो होतो, चेन बघायची राहिली होती.

युद्धानंतर १९४५ मध्ये तो नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत आला आणि एसीई या कॉम्प्युटरचा सविस्तर आराखडा लिहिला. फेब्रुवारी १९४७ मध्ये लंडनच्या गणितज्ञांसमोर त्याने या मशीनवर व्याख्यान दिलं. टेलिफोनच्या तारेवरून दूरचं मशीन वापरता येईल हे त्यात आहे. मशीन वापरणारे लोक दोन प्रकारचे असतील, प्रोग्रॅम आखणारे मालक आणि मशीनला खाऊपिऊ घालणारे, त्याची निगा राखणारे सेवक, हेही आहे. सेवकांचं काम हळूहळू मशीनच करू लागेल, आणि मालकांची जागा जाईल अशी वेळ आली तर ते आपल्या कामाभोवती गूढ निर्माण करतील असा टोमणाही आहे. १९४७ साली! रूट पासवर्ड कोणालाच न सांगणारे आमचे एक सीनियर आठवले.

एसीईचं बांधकाम सरकारी चालीने रखडलं. कंटाळून १९४८ मध्ये ट्युरिंग मँचेस्टर विद्यापीठात गेला. तिथलं मशीन चालत होतं, पण त्याचं वागणं लहरी. मेमरी म्हणजे टीव्हीच्या पिक्चर ट्यूबसारख्या नळ्या, त्यावर ठिपके. त्याने या मशीनच्या प्रोग्रॅमरांसाठी मॅन्युअल लिहिलं. ते वाचणाऱ्यांचे हाल झाले, कारण आकडे ३२ च्या पायात, टेलिप्रिंटरच्या चिन्हांत आणि तेही उलटे लिहायचे! स्वतःला जे सोपं ते सगळ्यांना सोपं, असा त्याचा समज होता.

जून १९५० मध्ये त्याने या मशीनवर रीमानच्या झीटा फंक्शनचं गणित चालवलं. दुपारी ३ पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ८ पर्यंत मशीन न बिघडता चाललं. एवढा वेळ ते टिकणं इतकं विरळ होतं की १९५३ मध्ये छापलेल्या पेपरात त्याने ही गोष्ट मुद्दाम नोंदवली, तसं झालं नसतं तर गणित बहुधा झालंच नसतं असंही म्हटलं. १७ तासांचा अपटाइम!

पण मला त्याचं सगळ्यात आवडलेलं काम त्याआधीचं, जून १९४९ चं आहे. केंब्रिजच्या परिषदेत त्याने मोठा प्रोग्रॅम बरोबर आहे हे कसं तपासायचं यावर एक छोटा निबंध वाचला. मोठी बेरीज करताना हातचे वेगळे लिहून ठेवले, तर तपासणाऱ्याला प्रत्येक रकाना सुटा तपासता येतो. तसंच प्रोग्रॅममध्ये ठिकठिकाणी लिहून ठेवा की इथे आल्यावर अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे. आणि तो थांबतो हे दाखवायला एक अशी संख्या द्या जी दर पावलाला कमीच होत जाते. बघा, कुठलंही मशीन थांबेल का हे सांगता येत नाही, हे याच माणसाने सिद्ध केलेलं. म्हणून तो हात जोडून बसला नाही. स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम तरी असा लिहा की तो थांबणार हे दाखवता येईल, एवढंच त्याने मागितलं. आमच्या त्या डेटाबेसने आता किती रेकॉर्ड उरले हा आकडा दर मिनिटाला लॉगमध्ये टाकला असता आणि मी तो बघितला असता, तर बटणाला हात लावला नसता. गंमत म्हणजे चुका शोधण्यावरचा हा निबंध छापताना त्यातच भरपूर चुका राहिल्या, आणि १९८४ मध्ये दोन अभ्यासकांनी त्या दुरुस्त केल्या.

पुढचं लिहायला जड जातं. १९५२ च्या जानेवारीत त्याच्या घरी चोरी झाली. तो स्वतः पोलिसांकडे गेला. तपासात त्याचे एका तरुणाशी संबंध असल्याचं उघड झालं, आणि तो तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता. (ब्रिटिशांनी इथे लादलेलं ३७७ कलम सुप्रीम कोर्टाने सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं ते ६ सप्टेंबर २०१८ ला, हे आपल्याला माहीत हवं.) तुरुंग किंवा हार्मोनची ट्रीटमेंट, असा पर्याय ठेवला गेला. त्याने दुसरा घेतला. वर्षभर शरीराची विटंबना सोसली, गुप्त कामाची दारं बंद झाली. तरी याच काळात तो प्राण्यांच्या अंगावरचे पट्टे-ठिपके रसायनांतून कसे उमटतात यावर गणित करत होता. ७ जून १९५४ ला विल्मस्लोच्या घरी सायनाइडने त्याचा मृत्यू झाला. उशाशी अर्धवट खाल्लेलं सफरचंद होतं, ते कोणी तपासलंच नाही. चौकशीत आत्महत्या ठरली, आईला मात्र शेवटपर्यंत तो घरच्या प्रयोगातला अपघातच वाटला. वय ४१.

आईने १९५९ मध्ये मुलाचं चरित्र प्रसिद्ध केलं, पण युद्धात त्याने नेमकं काय केलं हे गुपित असल्यामुळे तिला ते लिहिताच आलं नाही. ते जगाला कळायला १९७० चं दशक उजाडलं. ब्रिटिश पंतप्रधानांनी २००९ मध्ये माफी मागितली, राणीने २०१३ मध्ये माफी दिली (माफी कोणी कोणाला द्यायची हा प्रश्नच आहे), आणि २३ जून २०२१ ला ५० पौंडांच्या नोटेवर त्याचा चेहरा आला. नोटेवर १९३६ च्या पेपरातला तक्ता आहे, बॉम्ब यंत्राचा आराखडा आहे आणि एका कागदी फितीवर त्याची जन्मतारीख बायनरीत आहे. परवा रात्री लॅबमध्ये बॅकअप संपायची वाट बघत बसलो होतो, तेव्हा ती वहीवर डेसिमलमध्ये करून पाहिली. तारीख जुळली. बॅकअप अजून चालूच होता, १४ जीबी बाकी.