बुटावरील नांवाचा धनी

ज्यांचें नांव लक्षावधि लोकांच्या नजरेखालून रोज जातें, परंतु ज्यांचें चरित्र क्वचितच कोणास ठाऊक असतें, अशा मनुष्यांचा जगांत एक लहानसा वर्ग आहे. अमेरिकेंतील चार्ल्स हॉलिस टेलर, ज्यास सर्व जग चक टेलर म्हणून ओळखतें, तो या वर्गाच्या अग्रभागीं शोभेल. घोट्याच्या वर चढणारा कॅनव्हसचा बूट, त्याच्या आंतल्या अंगास एक वाटोळी चकती, चकतीच्या मध्यभागीं तारा व ताऱ्याच्या दोहों बाजूंस त्याची सही, असा हा 'ऑल स्टार' बूट आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीं पाहिला असेल. कित्येकांनीं घातलाही असेल. कोणास वाटतें कीं हें कारखान्याच्या मालकाचें नांव असावें. कोणास वाटतें कीं दुकानदारांनीं तें कल्पनेनें जुळविलें असावें. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. हा मनुष्य खरोखर होऊन गेला, व त्याचें नांव त्या बुटावर चढण्यास सबळ कारण होतें. हल्लीं नामांकित खेळाडूंच्या सहीचे बूट तऱ्हेतऱ्हेच्या रंगांत काढण्याची, व ते न घालतां कपाटांत जपून ठेवण्याची जी हौस दिसते, तिचा उगम शोधूं गेल्यास आपण याच मनुष्याच्या दारापर्यंत येतों. म्हणून त्याची हकीकत येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

टेलरचा जन्म अमेरिकेच्या इंडियाना संस्थानाच्या दक्षिण भागांत 24 जून 1901 रोजीं झाला. ज्या खेळानें त्याचें आयुष्य घडविलें, तो बास्केटबॉलचा खेळ तेव्हां दहा वर्षांचाही नव्हता. मॅसाच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें वाय. एम. सी. ए. चें शिक्षक तयार करण्याचें विद्यालय होतें. तेथील शिक्षक जेम्स नेस्मिथ यांनीं, बर्फामुळें मैदानें बंद झालीं असतां तरुणांस आंतल्या आंत खेळतां यावें म्हणून, डिसेंबर 1891 मध्यें पीच फळांच्या दोन टोपल्या टांगून व 13 नियम लिहून हा खेळ सुरू केला. इंडियानांतील शेतकरी गांवांस तो जणूं त्यांच्याकरितांच काढल्यासारखा वाटला. हिवाळ्यांत शेतें ओसाड पडत. मुलांच्या हातांस काम नसे. आणि लहानशा शाळेसही पांच गडी सहज मिळत. थोड्याच वर्षांत तेथें असें झालें कीं, शाळेचा सामना म्हणजे सगळ्या गांवाचा उत्सव.

अशा वातावरणांत टेलर वाढला. कोलंबस गांवच्या हायस्कुलांत तो शाळेच्या संघाचा नायक झाला व 1919 सालीं त्याचें शालेय शिक्षण पुरें झालें. पुढें कांहीं वर्षें त्यानें पैसे घेऊन खेळणाऱ्या संघांतून खेळून पाहिलें. त्या काळीं असे संघ म्हणजे आजच्यासारखी वैभवाची गोष्ट नव्हती. मोठमोठे कारखाने आपल्या नांवाचे संघ बाळगीत. ओहायो संस्थानांतील अ‍ॅक्रन येथील फायरस्टोन या टायर कंपनीच्या संघांत टेलर खेळला.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. उत्तर आयुष्यांत टेलरच्या नांवाभोंवतीं अशी ख्याति पसरली होती कीं, तो त्या काळच्या अत्यंत प्रसिद्ध अशा 'ओरिजिनल सेल्टिक्स' संघाचा गडी होता. ही ख्याति पसरविण्यांत त्याचा स्वतःचा हात होता. परंतु 2006 सालीं त्याचें विस्तृत चरित्र प्रसिद्ध झालें, व चरित्रकार एब्राहम आमिडॉर यांनीं जुनीं वर्तमानपत्रें धुंडाळून पाहिलीं असतां या गोष्टीस आधार सांपडला नाहीं. टेलर चांगला खेळाडू होता, परंतु असामान्य नव्हता. त्याचें असामान्यत्व दुसऱ्याच ठिकाणीं होतें, आणि तें दिसूं लागलें तें त्यानें नोकरी धरल्यावर.

मार्क्विस मिल्स कॉन्व्हर्स या गृहस्थानें 1908 सालीं मॅसाच्युसेट्समधील माल्डन येथें रबरी पादत्राणांचा कारखाना काढला होता. आरंभीं तेथें पावसाच्या व बर्फाच्या दिवसांत वापरावयाचे रबरी जोडे होत. हा माल हिवाळ्यांत खपे. उन्हाळ्यांत कामगारांस काम पुरत नसे. बारमाही काम मिळावें म्हणून 1915 पासून कॅनव्हसचे बूट निघूं लागले, आणि 1917 सालीं खास बास्केटबॉलसाठीं 'ऑल स्टार' निघाला. लांकडी जमिनीवर धांवतांना व एकाएकीं थांबतांना रबराचा तळ घसरत नसे, आणि उंच कॅनव्हस घोट्यास आधार देई. बूट उपयुक्त होता. परंतु त्याचा उपयोग लोकांस पटवून देणारा कोणी नव्हता. 1921 च्या सुमारास टेलर शिकागो येथील कचेरींत विक्रेता म्हणून रुजू झाला. स्वतः खेळाडू असल्यामुळें बुटांत कोठें काय उणें आहे हें त्यास पायांवरून कळत होतें, व त्याच्या सूचनांवरून बूट अधिक लवचीक व घोट्यास अधिक सांभाळणारा झाला असें सांगतात. ती वाटोळी चकतीदेखील घोट्याच्या हाडास धक्का लागूं नये म्हणून आंतल्या बाजूस बसविलेली होती. शोभेचा हेतु मागाहून आला.

विक्रीची त्याची रीत मात्र सर्वस्वीं त्याची स्वतःची होती. मोटारगाडींत बुटांच्या पेट्या भरून तो निघे व गांवोगांव हिंडे. कोणत्याही गांवीं गेल्यावर तो प्रथम शाळेच्या किंवा कॉलेजच्या क्रीडाशिक्षकास भेटे आणि संध्याकाळीं व्यायामशाळेंत मुलांना एकत्र करून खेळाचें प्रात्यक्षिक दाखवी. चेंडू छातीपासून कसा फेंकावा, न पाहतां सोबत्यास कसा द्यावा, पाय कोठें रोवावा व कोठें फिरवावा, हें तो स्वतः करून दाखवी, आणि मग मुलांकडून करवून घेई. शिक्षकाची जी पद्धति असेल तींत तो ढवळाढवळ करीत नसे. त्यामुळें शिक्षक त्याचे मित्र होत. बूट हवे असल्यास मुलांनीं ते गांवच्याच दुकानांतून घ्यावे असें तो सुचवी. त्यामुळें दुकानदारही त्याचे मित्र होत. असा पहिला मोठा वर्ग त्यानें 1922 सालीं नॉर्थ कॅरोलायना स्टेट कॉलेजांत घेतला. त्यानंतर जवळजवळ चार तपें हा क्रम चालला. त्याच 1922 सालापासून कंपनी बास्केटबॉलचें एक वार्षिक काढूं लागली. त्यांत लहानमोठ्या शाळांच्या संघांचीं छायाचित्रें येत. ज्या खेड्याचें नांव नकाशांत शोधावें लागे, तेथील पांच मुलांचे चेहरे त्यांत छापलेले पाहून त्यांच्या आईबापांस काय वाटत असेल, याची कल्पना आमच्या वाचकांस सहज करतां येईल.

कोणी म्हणेल, हें शिकविणें कसलें, हा तर व्यापार! या आक्षेपांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. टेलर पगारी विक्रेता होता आणि प्रत्येक वर्गाच्या शेवटीं बूट खपावे ही त्याची इच्छा होती. ती त्यानें लपविलीही नाहीं. परंतु ज्या मुलानें बूट घेतला नाहीं त्यासही चेंडू फेंकण्याची विद्या तितकीच मिळाली. त्या काळीं पुष्कळशा लहान गांवांत या नवीन खेळाचें शास्त्रशुद्ध शिक्षण देणारा दुसरा कोणी नव्हता. तेव्हां व्यापार व विद्यादान यांची येथें जी सांगड पडली, तींत मुलांचा तोटा झाला असें म्हणतां येणार नाहीं.

1929 सालीं कंपनी अडचणींत आली व पुढें तिचे मालक बदलले. टेलर मात्र जागच्या जागीं राहिला. 1930 नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत त्याची सही त्या वाटोळ्या चकतीवर आली. दुकानांत येणारीं मुलें चक टेलरचाच बूट मागत असत. मग नांवच छापलेलें काय वाईट, असा तो सरळ हिशेब होता. परंतु या सहीबद्दल, विकल्या गेलेल्या जोडामागें अमुक इतकी रक्कम, असा कोणताही वांटा त्यास मिळाला नाहीं. त्यास पगार मिळे व प्रवासाचा खर्च मिळे, एवढेंच. वर्षाचा बहुतेक काळ त्याचा मुक्काम हॉटेलांतून असे. कित्येक वर्षें त्यास स्वतःचें म्हणावें असें घरही नव्हतें. ज्याचें नांव लक्षावधि पायांवर होतें, त्याचे स्वतःचे पाय कोठेंच स्थिर नव्हते.

बुटाची कीर्ति मात्र वाढत गेली. 1936 सालीं बर्लिन येथें बास्केटबॉल प्रथमच ऑलिंपिक सामन्यांत पदकासाठीं खेळला गेला. अमेरिकन संघासाठीं पांढऱ्या कॅनव्हसचा, तांबड्या व निळ्या रेघांचा बूट काढण्यांत आला. प्रसंगानुरूप रंग बदलून बूट काढण्याच्या प्रथेचें तें एक अगदीं आरंभींचें उदाहरण होय. अंतिम सामना उघड्या मैदानावर भर पावसांत झाला. चिखलांत चेंडू उसळेना. तरी अमेरिकेनें कॅनडाचा 19 विरुद्ध 8 गुणांनीं पराभव केला. खेळाचे जनक डॉ. नेस्मिथ त्या वेळीं तेथें हजर होते. पुढें दुसऱ्या महायुद्धांत सैनिकांच्या कवायतीसाठीं हेच बूट वापरले गेले, आणि 1944-45 च्या हंगामांत टेलरनें ओहायोंतील राइट फील्ड या हवाई तळाच्या संघास शिकविण्याचें काम केलें.

युद्धानंतरचीं वीस वर्षें हा या बुटाचा सुवर्णकाळ होय. अमेरिकेंतील बहुतेक खेळाडूंच्या पायांत तोच दिसे. 2 मार्च 1962 रोजीं विल्ट चेंबरलेननें एकाच सामन्यांत 100 गुण मिळविले, तेव्हां त्याच्याही पायांत हेच बूट होते. आरंभीं तपकिरी असलेला हा बूट पुढें दीर्घकाळ मुख्यतः काळा किंवा पांढराच मिळे. प्रत्येक संघास आपल्या पोशाखाशीं जुळणारा रंग हवा असे, म्हणून 1960 ते 1970 या दशकाच्या उत्तरार्धापासून इतर रंग वाढत गेले.

टेलर 1968 सालीं निवृत्त झाला. पुढील वर्षीं, म्हणजे 1969 सालीं, नेस्मिथ यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्याचें नांव दाखल झालें. तें खेळाडू म्हणून नव्हे, तर खेळाचा प्रसार करणारा म्हणून. त्याच वर्षीं 23 जून रोजीं फ्लॉरिडा संस्थानांतील पोर्ट शार्लट येथें हृदयविकारानें त्याचा अंत झाला. दुसऱ्या दिवशीं त्याचा अडुसष्टावा वाढदिवस होता.

त्याच्या पश्चात् चामड्याचे बूट आले व कॅनव्हस खेळाच्या मैदानावरून मागें पडला. मूळ कंपनीचें 2001 सालीं दिवाळें निघालें व 2003 सालीं नाइकी कंपनीनें ती विकत घेतली. परंतु बुटास खेळाडूचें नांव देण्याची कल्पना मात्र फोंफावली. 1973 सालीं प्यूमा कंपनीनें वॉल्ट फ्रेझरच्या टोपणनांवाचा 'क्लाइड' हा बूट काढला; 1985 सालीं नाइकीचा 'एअर जॉर्डन' दुकानांत आला. मायकेल जॉर्डनच्या तांबड्या-काळ्या बुटास खेळाच्या संघटनेनें हरकत घेतली, तर कंपनीनें त्या हरकतीचीच जाहिरात केली! 1986 सालीं कॉन्व्हर्सनें 'वेपन' नांवाचा बूट काढून लॅरी बर्डसाठीं काळा-पांढरा व मॅजिक जॉन्सनसाठीं पिवळा-जांभळा असे निरनिराळे रंग दिले. तेव्हांपासून एकच बूट, परंतु त्याच्या रंगसंगती अनेक, अशी रीतच पडली. कांहीं रंगांचे जोड मुद्दाम थोडे काढावे, म्हणजे ते मिळविण्यासाठीं झुंबड उडते व भाव वाढतो; हें या धंद्याचें मर्म होय. जॉर्डननें 1984 च्या ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत घातलेला कॉन्व्हर्सचा जोड 2017 सालीं लिलावांत 1,90,373 डॉलरांस गेला, आणि त्याच्याच 1998 सालच्या एका जोडास 2023 सालीं 22 लक्ष डॉलरांहून अधिक किंमत आली.

या आंकड्यांपुढें टेलरचा पगार व त्याच्या हॉटेलांतील खोल्या आठवल्या म्हणजे मन क्षणभर थबकतें. त्याच्यावर अन्याय झाला काय? हिशेबाच्या दृष्टीनें झाला असें म्हणावें लागेल. परंतु आम्हांस अधिक विचार करण्याजोगी वाटते ती दुसरी गोष्ट. या मनुष्यानें आपल्या खेळाच्या पराक्रमांत भर घालून सांगितली, आणि ती भर काळानें गाळून टाकली. जें त्यानें खरोखर केलें, म्हणजे शेंकडों गांवांतील अनोळखी मुलांना चेंडू धरावयास व सोडावयास शिकविलें, तेवढेंच त्याच्या नांवाच्या पाठीशीं उरलें. आणि तें इतकें भरीव होतें कीं त्यास भर घालण्याची मुळीं गरजच नव्हती.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कांहींजणांच्या पायांत असे सहीचे बूट आहेत, कांहींजणांस ते हवे आहेत, आणि कांहींजण ते नाहींत म्हणून वर्गांत आपले पाय बाकाखालीं ओढून घेतात, हें आमच्या दृष्टीस पडत नाहीं असें नाहीं. पालकांसही ठाऊक आहे कीं, मुलाच्या एका हट्टासाठीं कधीं कधीं घरांतील दोन गरजा पुढें ढकलाव्या लागतात. सुंदर वस्तूची आवड असणें हा दोष नव्हे. रंग पारखणें हीही एक कला आहे, व जुने जोड जपणाऱ्यांमुळें खेळाचा इतिहास जपला जातो हेंही खरें. परंतु इंडियानांतील ज्या मुलांनीं टेलरकडून खेळ शिकला, त्यांच्यापैकीं ज्यांनीं बूट घेतले ते बूट केव्हांच झिजून गेले, आणि ज्यांना घेतां आले नाहींत त्यांसही खेळ आला. ज्यांचे पाय बाकाखालीं जातात त्यांनीं ते निःशंकपणें बाहेर काढावे व मैदानावर यावें. आणि ज्यांच्या पायांत सहीचे बूट आहेत त्यांनीं, जसें त्या सहीच्या धन्यानें केलें, तसें आपणांस जें येतें तें शेजारच्या सोबत्यास शिकवावें.