जोतीराव फुले व मनुष्याचे जन्मसिद्ध हक्क

जुन्नर व आंबेगाव ह्या तालुक्यांतील आमच्या वाचकांस शिवनेरी किल्ला ठाऊक आहे. तेथे जन्मलेल्या शिवछत्रपतींवर १८६९ साली पवाडा रचणारे जोतीराव फुले हेही पुष्कळांस नावाने ठाऊक असतील. परंतु एका इंग्रज ग्रंथकाराचा विचार त्यांच्या हाती कसा आला, व तो ओतूर गावच्या लग्नमांडवापर्यंत कसा पोहोचला, हे थोड्यांसच माहीत आहे. ते आज सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली माळी कुळात झाला. ते तान्हे असतानाच त्यांची आई वारली. वडील गोविंदराव ह्यांनी लोकांच्या सांगण्यावरून मुलास शाळेतून काढून मळ्यात लाविले होते. परंतु शेजारचे गफ्फार बेग मुनशी व लिजिट साहेब ह्यांनी त्यांची समजूत घातली, आणि १८४१ साली जोतीराव पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले. पुढे त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. तथापि त्या शाळेचे व मिशनऱ्यांचे उपकार ते विसरले नाहीत. शाळा संपली त्या सुमारास, १८४७ साली, त्यांनी टॉमस पेन ह्याचा मनुष्याच्या हक्कांवरील ग्रंथ वाचिला.

पेन हा चोळ्या शिवणाऱ्या गरीब कारागिराचा मुलगा. त्याचा तो ग्रंथ १७९१ व १७९२ साली दोन भागांत निघाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: सर्व मनुष्ये उत्पन्नकर्त्यापुढे समान आहेत, त्यांचे हक्क राजाने दिलेले नसून जन्माबरोबर आलेले आहेत, ते राखण्यासाठीच सरकार असते, आणि राखीत नसेल तर लोकांनी त्यास जाब विचारावा. गरिबांची मुले व थकलेले वृद्ध ह्यांची सोय सरकारी पैशाने व्हावी, असेही त्याने लिहिले. ह्या ग्रंथाबद्दल इंग्लंडात त्याच्यावर खटला झाला.

१८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या वरातीत जोतीरावांचा जातीवरून अपमान झाला. जे ग्रंथात वाचिले होते, त्याचा अर्थ तेव्हा त्यांस अंगावर कळला. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढिली, व पत्नी सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. ह्यापायी दोघांस घर सोडावे लागले. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, व १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला. एकाच निर्मिकाची लेकरे असताना मध्यस्थ कशास, हा त्या समाजाचा प्रश्न होता.

तोच प्रश्न जुन्नर तालुक्यात कोर्टापुढे आला. १८८४ साली ओतूरचे बाळाजी कुसाजी पाटील ह्यांनी आपल्या घरचे लग्न भटजीवाचून लाविले. गावचे जोशी म्हणाले की, आम्हांस बोलाविले नाही तरी वतनाप्रमाणे आमची दक्षिणा द्यावीच लागेल. वाद मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला. जे काम कोणी सांगितले नाही, त्याची मजुरी कोणी का द्यावी? खेड्यातल्या एका शेतकऱ्याने हे विचारिले, ही लहान गोष्ट नव्हे. त्याच सुमारास त्या तालुक्यातील कुळांनी खंड कमी व्हावा म्हणून सावकारांच्या जमिनी करण्याचे नाकारिले, आणि जोतीराव त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

सरकारासही ते जाब विचारीत. १८८२ साली हंटर कमिशनापुढे त्यांनी मांडिले की, तिजोरी रयतेच्या घामाने भरते, परंतु तो पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणाकडे जातो. म्हणून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट ह्यांच्या मेजवानीस ते मुद्दाम शेतकऱ्याच्या वेषात गेले, आणि राणीची खरी प्रजा अशी दिसते, हे त्यांनी राजपुत्रास दाखविले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले.

जोतीरावांनी जो हक्क मागितला, तो आधी दुसऱ्यास देऊन मागितला. शाळा मागण्यापूर्वी स्वतः शाळा चालविली. पाण्याविषयी बोलण्यापूर्वी स्वतःचा हौद मोकळा केला. ज्यांस आपले हक्क प्रिय आहेत, त्यांनी आपल्या दारच्या हौदाकडे आधी पाहावे, इतकेच आम्ही सुचवितो.