मातांचा कैवारी

डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा येथे झाला. १८४६ साली ते व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयाच्या प्रसूतिशाळेत साहाय्यक म्हणून रुजू झाले.

या प्रसूतिशाळेचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत व दुसऱ्यात सुइणी शिकत. त्या वर्षी पहिल्या विभागात शेकडा अकरांहून अधिक माता दगावल्या, तर दुसऱ्या विभागात शेकडा तीनही नाहीत. यांतील बहुतेक मृत्यू सूतिकाज्वराने होत. गोरगरीब स्त्रियांना हा भेद चांगला ठाऊक होता. पहिल्या विभागात दाखल होण्याची पाळी आली की त्या गुडघे टेकून, हात जोडून दुसरीकडे पाठविण्याची याचना करीत. कोणी दूषित हवेला दोष देई, तर कोणी या स्त्रियांच्या भीतीलाच रोगाचे कारण ठरवी.

सेमेलवाइस यांना मात्र ती याचना स्वस्थ बसू देईना. मरणासन्न स्त्रीकडे जाणाऱ्या धर्मगुरूंची घंटा ऐकून इतर स्त्रियांचा थरकाप उडे. म्हणून त्यांनी विनंती करून ती घंटा बंद करविली. या बिचाऱ्या स्त्रियांची भीती खोटी नाही, अशी त्यांची खात्री झाली होती.

१८४७ च्या मार्च महिन्यात त्यांचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी झालेल्या जखमेमुळे मरण पावले. त्यांच्या रोगाची लक्षणे सूतिकाज्वरासारखीच होती. सेमेलवाइस यांच्या मनात लख्ख प्रकाश पडला. डॉक्टर व विद्यार्थी शवविच्छेदन करून तेच हात घेऊन मातांना तपासीत. सुइणी शवविच्छेदन करीत नसत. त्या वर्षी मे महिन्यापासून त्यांनी प्रत्येकाला क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले. १८४८ साली पहिल्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा दीडच्याही खाली आले.

हा शोध सुखाचा नव्हता. ज्या हातांनी जीव वाचवावयाचा, त्याच हातांनी मृत्यू आणला होता. आणि त्यांत सेमेलवाइस यांचे स्वतःचेही हात होते. ही गोष्ट त्यांनी आपल्या १८६१ सालच्या ग्रंथात उघडपणे मान्य केली. अनेक नामवंत वैद्यांना मात्र ती मानवली नाही. विरोधाने सेमेलवाइस यांची वाणीही कठोर झाली. अखेरीस त्यांना मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. तेथे १३ ऑगस्ट १८६५ रोजी जखम चिघळून त्यांचा अंत झाला. पुढे पाश्चर व लिस्टर यांच्या संशोधनाने त्यांचे म्हणणे खरे ठरले.

आज डॉक्टर रोग्याला स्पर्श करण्यापूर्वी हात धुतात. या साध्या रीतीच्या मुळाशी, दीन स्त्रियांचा आक्रोश खरा मानणारे एक करुणामय अंतःकरण आहे.