कोळशाच्या गावचा शिल्पकार : हेन्री मूर

इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशायर परगण्यात, कॅसलफर्ड नावाचे गाव आहे. एके काळी या गावाचा सारा संसार कोळशावर चालत असे. पुरुष खाणीत उतरायचे आणि अंगभर काळे होऊन वर यायचे. अशाच एका खाणकामगाराच्या घरी ३० जुलै १८९८ रोजी हेन्री मूरचा जन्म झाला. आठ भावंडांतला तो सातवा. विसाव्या शतकातील ब्रिटिश शिल्पकलेचा इतिहास ज्याच्या नावावाचून पुरा होत नाही, त्याचे बालपण असे कोळशाच्या ढिगाऱ्यांच्या सावलीत गेले.

वडील रेमंड मूर मोठे जिद्दी गृहस्थ. त्यांनी स्वतःच्या हिमतीवर अभ्यास केला आणि व्हेल्डेल खाणीत बढत्या मिळवल्या. त्यांचा निर्धार एकच होता : आपल्या मुलांनी खाणीत उतरायचे नाही, शिकायचे आणि शिक्षक व्हायचे. शेतात किंवा गिरणीत राबणाऱ्या घरांतून कॉलेजात आलेल्या आपल्यापैकी अनेकांना हा बाप ओळखीचा वाटेल.

अकराव्या वर्षी हेन्रीने रविवारच्या धर्मशाळेत मायकेलअँजेलोचे नाव ऐकले आणि आपणही शिल्पकार व्हायचे असे ठरवून टाकले. शाळेतील चित्रकलेच्या शिक्षिका अॅलिस गॉस्टिक यांनी त्याच्या मनाला खतपाणी घातले. वडिलांना मात्र हे रुचले नाही. छिन्नी-हातोडा म्हणजे पुन्हा अंगमेहनतच! ज्या कष्टांतून पोरांना सोडवायचे, त्याच कष्टांकडे हा मुलगा आपण होऊन निघाला होता. वडिलांचे चुकले असे मला म्हणवत नाही. ज्याने आयुष्यभर अंगमेहनत केली, त्याला मुलाच्या हातात हातोडा पाहून आनंद कसा व्हावा? आधी शिक्षक हो, मग काय ते कर, असे ठरले आणि हेन्री आपल्याच शाळेत शिकवू लागला.

इतक्यात पहिले महायुद्ध आले. अठराव्या वर्षी तो सैन्यात गेला आणि १९१७ मध्ये काँब्रेच्या लढाईत विषारी वायूच्या हल्ल्यात सापडला. तो वाचला. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी मदत मिळत असे. त्या पैशावर १९१९ साली तो लीड्सच्या कलाशाळेत दाखल झाला. पुढे नामांकित शिल्पकार झालेली बार्बरा हेपवर्थ तेथे त्याची सहाध्यायी होती. १९२१ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेला. पुढच्याच वर्षी वडील वारले. मुलाने दगडातून काय निर्माण केले, ते त्यांना पाहायला मिळाले नाही.

लंडनमध्ये त्याचे खरे विद्यापीठ म्हणजे ब्रिटिश म्युझियम. इजिप्त, आफ्रिका, मेक्सिको येथील प्राचीन मूर्ती पाहून तो भारावून गेला. कॉलेजात त्या काळी मातीचा नमुना करायचा आणि मोजमापाच्या यंत्राने खुणा करून तो दगडात उतरवायचा अशी रीत होती. मूरला हे मान्य नव्हते. दगडाशी थेट झुंजावे, दगडाचा स्वभाव ओळखून कोरावे, असे त्याचे मत. एकदा एका जुन्या इटालियन शिल्पाची संगमरवरी प्रत करायची होती. पठ्ठ्याने ती केवळ नजरेच्या अंदाजाने कोरली आणि प्राध्यापकांची समजूत व्हावी म्हणून यंत्राच्या खोट्या खुणा वरून पाडून ठेवल्या! (आमच्या प्राध्यापकांनी हा परिच्छेद सोडून वाचावा.)

त्याची शिल्पे लोकांच्या पचनी पडायला वेळ लागला. पहुडलेली स्त्री आणि मूल घेतलेली माता हे त्याचे आवडीचे विषय. पण चेहरा अगदी लहान, खांदे डोंगरासारखे आणि शरीरात आरपार पोकळी! १९३१ च्या प्रदर्शनावर वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली. तो तेव्हा रॉयल कॉलेजात शिकवत असे. त्याला तेथून काढावे अशीही ओरड झाली. तेथून बाहेर पडून तो चेल्सीच्या कलाशाळेत शिकवू लागला, पण पोकळ्या काही त्याने बुजवल्या नाहीत. ग्रंथालयातील पुस्तकात ही छायाचित्रे प्रथम पाहिली तेव्हा मीही गोंधळलो होतो. पण नदीकाठचे झिजलेले गोटे, वाळलेली हाडे, डोंगरातील गुहा आठवा. मूर असले गोटे आणि हाडे गोळा करून अभ्यासत असे. पोकळी म्हणजे उणीव नव्हे. दगडाइतकाच तिलाही आकार असतो, हे त्याने दाखवले.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडू लागले, तेव्हा हजारो माणसे भुयारी रेल्वेच्या फलाटांवर रात्री काढू लागली. मूरने ती दाटीवाटीने झोपलेली माणसे चित्रांत उतरवली. १९४० मध्ये त्याच्या लंडनमधील घराला बाँबची झळ पोहोचली आणि तो हर्टफर्डशायरमधील पेरी ग्रीन या खेड्यात राहायला गेला, तो कायमचाच.

त्यानंतरचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. युद्धकाळातील खाणकामगारांची चित्रे काढण्यासाठी १९४१-४२ च्या हिवाळ्यात तो कॅसलफर्डला परतला आणि व्हेल्डेलच्याच खाणीत उतरला. वडिलांची ती खाण! ज्या अंधारापासून वडिलांनी त्याला जपून दूर ठेवले, त्यात तो चाळिशी उलटल्यावर कागद-पेन्सिल घेऊन गेला. धूळ, उकाडा, अरुंद बोगदे आणि गुडघ्यांवर बसून कोळसा फोडणारी माणसे. पुरुषाचे कष्टणारे शरीर त्याने इतके जवळून पूर्वी कधी रेखाटले नव्हते. आश्रयस्थानांच्या चित्रांची कीर्ती मोठी, पण मला ही काळीकुट्ट चित्रेच अधिक खरी वाटतात.

पुढे कीर्ती धावत आली. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला मोठे प्रदर्शन, १९४८ मध्ये व्हेनिसचे पारितोषिक, पॅरिसच्या युनेस्को भवनासमोर पहुडलेली भव्य पाषाणाकृती. १९५१ मध्ये देऊ केलेली ‘सर’ ही पदवी त्याने नाकारली. पैसा अमाप आला, तरी त्याने राहणी साधीच ठेवली आणि १९७७ मध्ये कलेच्या प्रसारासाठी स्वतःच्या नावाची संस्था स्थापन केली. लहानपणी आईची पाठ संधिवाताने दुखे आणि हेन्री ती तेल लावून चोळून देई. १९५७ मध्ये एका बसलेल्या स्त्रीची मूर्ती घडवताना आपल्या हातून आईचीच पाठ उतरते आहे, हे त्याच्या ध्यानी आले. तोवर आई जाऊन बरीच वर्षे लोटली होती.

३१ ऑगस्ट १९८६ रोजी मूरचे निधन झाले. पुढच्याच वर्षी व्हेल्डेलची खाण बंद पडली.

बसलेल्या स्त्रीचे त्याचे आणखी एक मोठे ब्राँझ शिल्प आहे. १९६२ मध्ये त्याने ते लंडनच्या कौन्सिलला मुद्दाम कमी किमतीत दिले. ते पूर्व लंडनमधील स्टेपनी या कष्टकऱ्यांच्या वस्तीत, सरकारी चाळींच्या मध्ये बसवले गेले. लोकांनी तिचे नाव ठेवले ‘ओल्ड फ्लो’, म्हणजे आपल्याकडची एखादी म्हातारी मावशीच. पुढे त्या इमारती पाडल्या गेल्या आणि १९९७ मध्ये ती यॉर्कशायरच्या शिल्पोद्यानात गेली. २०१२ मध्ये पूर्व लंडनमधील नगरपालिकेने पैशाच्या अडचणीपायी तिला विकायला काढले, तेव्हा मोठा विरोध झाला आणि प्रकरण कोर्टात गेले. विक्री टळली. २०१७ मध्ये मावशी पूर्व लंडनला परत आली खरी, पण तिला जागा मिळाली ती कॅनरी वॉर्फमध्ये, बँकांच्या उंच उंच इमारतींच्या मध्ये.