प्रतीक्षेचे दशक

खुर्चीत रेललेली एक कृश तरुणी. जड पापण्या, खाली झुकलेली उदास नजर. इंग्रज चित्रकार डान्टे गॅब्रिएल रोझेटी याने १८५० नंतरच्या दशकात अशी कितीतरी रेखाटने केली. १८५५ मध्ये त्याचा मित्र फोर्ड मॅडॉक्स ब्राऊन याने या रेखाटनांनी भरलेला खणच पाहिला आणि रोजनिशीत त्याची नोंद केली. त्या साऱ्या चित्रांतील तरुणी एकच होती, एलिझाबेथ सिडल.

२५ जुलै १८२९ रोजी लंडनमध्ये जन्मलेली एलिझाबेथ स्त्रियांच्या टोप्यांच्या दुकानात काम करीत असे. तेथून ती चित्रकारांची मॉडेल झाली. जॉन एव्हरेट मिले याच्या ‘ओफेलिया’ या चित्रासाठी ती भर हिवाळ्यात पाण्याने भरलेल्या टबात पडून राही. एकदा पाणी कोमट ठेवणारे दिवे विझले. पाणी गारठले, तरी तिने तक्रार केली नाही. ती आजारी पडली. १८५२ मध्ये पूर्ण झालेले ते चित्र मात्र अजरामर झाले.

पुढे ती प्रामुख्याने रोझेटीसाठीच बसू लागली. ब्लॅकफ्रायर्स येथील थेम्सकाठच्या त्याच्या घरात तिचे दिवस जाऊ लागले. लग्न ठरत होते आणि लांबणीवर पडत होते. प्रकृती ढासळत गेली आणि त्या काळी औषध म्हणून सहज मिळणाऱ्या लॉडनम या अफूच्या अर्काची तिला सवय जडली.

परंतु ती केवळ वाट पाहत बसली नव्हती. ती स्वतः चित्रे काढीत होती, कविता लिहीत होती. १८५३ मध्ये टेनिसनच्या ‘द लेडी ऑफ शॅलट’ या काव्यावर तिने केलेल्या रेखाटनातील स्त्री मागावर बसून काम करता करता खिडकीकडे वळून पाहते. १८५५ मध्ये कलासमीक्षक जॉन रस्किन याने तिच्या चित्रांच्या मोबदल्यात तिला वर्षाला १५० पौंड देऊ केले. १८५७ मध्ये लंडनच्या रसेल प्लेस येथे भरलेल्या प्री-राफेलाइट चित्रकारांच्या प्रदर्शनात ती एकमेव स्त्री-चित्रकार होती.

अखेर २३ मे १८६० रोजी हेस्टिंग्ज येथे विवाह झाला. पुढच्याच वर्षी तिला मृत कन्या झाली. ११ फेब्रुवारी १८६२ रोजी लॉडनमच्या अतिमात्रेने तिचे निधन झाले. ती अवघी ३२ वर्षांची होती. शोकाकुल रोझेटीने आपल्या कवितांचे हस्तलिखित तिच्या शवपेटीत ठेवले. १८६९ मध्ये मात्र कबर उघडून ते परत काढविले.

तिच्या स्वतःच्या कविता तिच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. तिचा चेहरा जगाला परिचित झाला, तिचे काम विस्मृतीत गेले. २०२३ मध्ये लंडनच्या टेट ब्रिटन कलासंग्रहालयात भरलेल्या रोझेटी कुटुंबाच्या प्रदर्शनात तिची चित्रे मोठ्या संख्येने मांडली गेली. खुर्चीतल्या त्या उदास तरुणीची चित्रकार म्हणून ओळख पटण्यास दीड शतकाहून अधिक काळ जावा लागला.